हृदयविकार आणि रुग्णालयाचा अनुभव
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीचे स्वतःचे रुग्णालय असावे व त्यात हृदयविकाराचा स्वतंत्र विभाग असावा, अशी सूचना संमेलनापुढे आली आहे. तिच्यामागील कळकळ आम्हांस वंद्य आहे. तथापि निधीसाठी झोळी फिरविण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे आम्ही कर्तव्य समजतो. जेथे असे रोगी वर्षाकाठी थोडेच यावयाचे, तेथे त्यांचे प्राण वाचण्याची शाश्वती कितपत?

आम्ही काही वैद्य नव्हे. आमचे आयुष्य फळ्यापुढे गेले. परंतु सरावावाचून हात बसत नाही, हे शाळेत जितके खरे तितकेच रुग्णालयातही खरे आहे. अमेरिकेतील सुमारे ९९ हजार वयोवृद्ध हृदयविकारग्रस्तांचा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. सर्वांत कमी रोगी येणाऱ्या रुग्णालयांत तीस दिवसांच्या आत मृत्यू येण्याचा धोका, सर्वांत अधिक रोगी येणाऱ्या रुग्णालयांपेक्षा १७ टक्क्यांनी अधिक आढळला; म्हणजे शंभर रोग्यांमागे दोनांहून अधिक जीव. हा सराव एकट्या डॉक्टरचा नसतो. ईसीजी काढणारा, औषध टोचणारी परिचारिका, मध्यरात्री धावून येणारा तंत्रज्ञ, या सर्वांचा हात बसलेला असावा लागतो.

मात्र यावरून ‘जितके मोठे तितके चांगले’ असा सिद्धांत कोणी काढू नये. अमेरिकेतच २०१० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, वर्षाला सुमारे ६१० हृदयविकारग्रस्तांपुढे संख्या वाढली तरी मृत्यू आणखी घटत नाहीत, असे दिसले. तसेच २००० सालच्या अभ्यासानुसार अनुभवाचा लाभ अँजिओप्लास्टीत स्पष्ट दिसतो. रक्ताची गुठळी विरघळविणाऱ्या औषधाच्या बाबतीत तसा फरक आढळला नाही. रक्तपुरवठा तुटताच हृदयाचा स्नायू मरू लागतो. म्हणून जेथे अँजिओप्लास्टीचे केंद्र दूर, तेथे जवळच्या लहान रुग्णालयात हे औषध वेळेवर मिळणे हाच मोठा आधार होय.

लहान व मोठे यांची सांगड घालता येते, हे तमिळनाडूने दाखविले. तेथे लहान रुग्णालये मोठ्या केंद्रांशी जोडून, आधी औषध व मागाहून मोठ्या केंद्रात पुढील उपचार, अशी व्यवस्था करण्यात आली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या २४२० रोग्यांच्या वृत्तान्तानुसार, वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. नवी इमारत न उभारता हे साधले.

म्हणून आमची नम्र सूचना अशी : संघाने प्रत्येक तालुक्यापुरती एक यादी करावी. अहोरात्र ईसीजी व गुठळीचे औषध कोठे मिळते, अँजिओप्लास्टी रात्रीही कोठे होते, आणि तेथे असे रोगी वर्षाला किती येतात, हे समक्ष जाऊन विचारावे. ही यादी १०८ या रुग्णवाहिकेच्या क्रमांकासह घरोघर भिंतीवर लावावी. जमलेला निधी गरीब ज्ञातिबांधवांच्या उपचारास द्यावा. छातीत दडपण येऊन घाम फुटला, तर पित्त म्हणून सकाळची वाट पाहू नये, हेही प्रत्येक माउलीस सांगावे.

इमारतीवर ज्ञातीचे नाव कोरले गेले नाही तरी चालेल; ज्ञातीचे माणूस बरे होऊन घरी आले पाहिजे. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.