स्वभावाशेजारी एक रकाना



फ्रॉइडचा स्वप्नांवरचा ग्रंथ १९०० सालचा आणि ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. पुढे १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी याच शहरात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली आणि मनाविषयीचं बोलणं घराघरांत पोचलं. अशा गावात व्यक्तिमत्त्वाच्या सिद्धांतांची तुलना करायची, तर ती समुपदेशक म्हणून आपल्यासमोर येऊन बसणाऱ्या माणसापासूनच सुरू व्हायला हवी.

समजा, डोंबिवलीची एक बाई आहे. घरी सासूसासऱ्यांपुढे ती मोजकंच बोलते. सकाळच्या लोकलच्या लेडीज डब्यात मात्र तिच्यावाचून ग्रुपचं पान हलत नाही. चौथ्या सीटवरचं भांडण तीच मिटवते, दसऱ्याला डबा सजवायची वर्गणीही तीच गोळा करते. ऑफिसात साहेबांसमोर पुन्हा गप्प.

फ्रॉइडच्या वाटेनं जाणारा तिच्या बालपणात दडपलेला राग शोधेल. स्किनरचा अनुयायी गप्प राहिल्यानं तिच्या पदरात काय पडतं ते पाहील. रॉजर्सला मानणारा तिचं स्वतःविषयीचं चित्र आणि तिचा प्रत्यक्ष अनुभव यांतलं अंतर समजून घेईल. एलिसचा विचार मानणारा ‘मी सगळ्यांना आवडलेच पाहिजे’ हा तिचा हट्ट पकडेल. आपल्याकडे हा विचार प्रा. कि. मो. फडके यांनी निष्ठेनं रुजवला, हे इथे कृतज्ञतेनं सांगितलं पाहिजे.

आपल्या रोजच्या कामावर राज्य मात्र गुणवैशिष्ट्यांच्या सिद्धांताचं आहे. ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसांचं वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेचले. कॅटेलनं त्यांतून १६ घटक काढले. आज पाच घटकांवर बऱ्यापैकी एकमत आहे. मोजमाप करता येतं, माणसांची तुलना करता येते, ही या पद्धतीची ताकद मी नाकारत नाही. पण ती बाई अबोल का, तर अंतर्मुख म्हणून. आणि अंतर्मुख कशावरून, तर अबोल आहे म्हणून! हे उत्तर मला पुरत नाही.

वॉल्टर मिशेलनं १९६८ मध्ये दाखवलं, की गुणवैशिष्ट्यांच्या चाचणीतले गुण आणि एखाद्या प्रसंगातलं प्रत्यक्ष वागणं यांचा सहसंबंध सहसा ०.३० च्या पुढे जात नाही. त्यावर एपस्टाइननं रास्त उत्तर दिलं: अनेक प्रसंगांची सरासरी काढा, सातत्य दिसेल. दिसतंही. पण सरासरीत आपली डोंबिवलीची बाई हरवते. १९९४ मध्ये शोदा, मिशेल आणि राइट यांनी उन्हाळी शिबिरातल्या मुलांचा अभ्यास मांडला. एखादं मूल मोठ्यांनी दटावल्यावर चिडायचं, दुसरं बरोबरीच्या मुलांनी छेडल्यावर. चिडण्याची सरासरी सारखी असली, तरी कोण कधी चिडतं याचा आकृतिबंध ज्याचा त्याचा आणि बऱ्यापैकी टिकाऊ होता. मला व्यक्तिमत्त्व तिथे दिसतं.

दहावीनंतर आपल्याकडे कलचाचणीला मुलं येतात. अहवालात ‘अंतर्मुख’ छापून आलं, की घरचे मुलाच्या आवडीच्या वाटा परस्पर बंद करतात. पंधराव्या वर्षी एवढा मोठा निर्णय एका शब्दावर होऊ नये, असं मला कळकळीनं वाटतं. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे: प्रत्येक गुणाशेजारी ‘कुठे, कोणासमोर, केव्हा’ असा रकाना छापा. तो भरायला मुलाशी आणखी अर्धा तास बोलावं लागेल. त्या वेळाचे वेगळे पैसे पालकांकडून घेऊ नका.