लोणावळ्याचा पाऊस आणि काचेचा स्तंभ

मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पानांतली रंगद्रव्यं वेगळी केली आणि १९०६ साली या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी असं नाव दिलं. महाविद्यालयांत हा प्रयोग आता बहुधा काचेच्या स्तंभात भरलेल्या सिलिका जेलवर होतो. कारवीची चार पानंही पुरतात. पेट्रोलियम ईथर ओतलं की कॅरोटीनचा पिवळा पट्टा आधी उतरतो. थोडंथोडं ॲसिटोन वाढवलं की मागून हिरवं क्लोरोफिल येतं.

लोणावळा-खंडाळ्याच्या पावसात मात्र हेच पट्टे एकमेकांत घुसू शकतात. सिलिका दमट हवेतलं पाणी ओढून घेते. पदार्थांनी जिथे रेंगाळायचं, त्या जागा पाणीच अडवून बसतं आणि सगळेच घाईने खाली घसरतात. म्हणून सिलिका ओव्हनमध्ये ११० अंश सेल्सिअसला काही तास तापवावी, डेसिकेटरमध्ये गार करावी आणि लगेच वापरावी. मावळात जून ते सप्टेंबर एवढं तरी कराच.

बाकी घोळ बहुतेक उतावीळपणाचे. स्तंभात बुडबुडा राहिला किंवा द्रावक सिलिकेच्या पातळीखाली गेलं, की पट्टा वाकडा झालाच म्हणून समजा. नमुना कमीत कमी द्रावकात विरघळवा, वर वाळूचा पातळ थर द्या. खाली येणारा द्रव लहान लहान नळ्यांत गोळा करून प्रत्येक नळीतला थेंब टीएलसी (पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) प्लेटवर तपासा. एकच ठिपका दिसला, त्या नळ्या एकत्र करा. दोन दिसले, त्या पुन्हा स्तंभावर चढवा. आणि हो, ईथरजवळ बर्नर पेटवू नका.