प्लेटलेट्सचे दान आणि दात्याची सुरक्षितता
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



रक्तदानाची भीती आता बरीच ओसरली आहे. परंतु प्लेटलेट्स देण्याची वेळ आली, की जवळचे नातेवाईकही कचरतात. "आपल्याच कमी पडल्या तर?" हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आकड्यांनीच दिले पाहिजे.

प्लेटलेट्स रक्तस्राव थांबवितात. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्या सुमारे १.५ ते ४.५ लाख असतात. त्यांचे आयुष्य ८ ते १० दिवसांचे. हाडांतील मज्जा नव्या तयार करीतच असते. रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत रुग्णाच्या मज्जेचे हे काम मंदावते. काढलेल्या प्लेटलेट्स साधारणपणे ५ दिवसच टिकतात. म्हणून त्यांचा मोठा साठा करता येत नाही. दाता वेळेवर मिळावा लागतो.

यंत्र दात्याच्या रक्तातून प्लेटलेट्स वेगळ्या करते व उरलेले रक्त त्यालाच परत देते. यात दात्याची संख्या साधारण २० ते ३० टक्क्यांनी उतरते. म्हणजे २.५ लाख असतील, तर पावणेदोन ते दोन लाख राहतील. काही दिवसांत ती पूर्ववत होते. तांबड्या पेशी परत मिळत असल्याने हिमोग्लोबिन फारसे घटत नाही. तथापि नळ्यांत थोडे रक्त राहतेच. म्हणून वारंवार देणाऱ्याने हिमोग्लोबिन व लोह यांकडे लक्ष ठेवावे.

रक्त गोठू नये म्हणून वापरलेल्या सायट्रेटमुळे कॅल्शियम तात्पुरते उतरते आणि ओठांना, बोटांना मुंग्या येतात. असे होताच परिचारिकेस सांगावे. यंत्राचा वेग कमी केला किंवा कॅल्शियम दिले, की बरे वाटते. संच नवा व एकदाच वापरण्याचा असल्याने त्यातून रोग लागण्याचे भय नाही.

आपल्या देशातील नियमांनुसार दात्याचे वय १८ ते ६०, हिमोग्लोबिन किमान १२.५ व प्लेटलेट्स किमान १.५ लाख हव्यात. दोन दानांत किमान ४८ तासांचे अंतर, आठवड्यात दोनदा व वर्षात २४ वेळा, ही मर्यादा आहे. उपाशीपोटी देऊ नये. रोजा असल्यास इफ्तारनंतर जावे. ॲस्पिरिन किंवा अन्य औषध घेतले असल्यास लपवू नये. दात्याची व रुग्णाची सुरक्षितता या खरेपणावरच उभी आहे.

विद्यार्थी मित्रांनो, अठरा वर्षे पूर्ण होताच आपला रक्तगट नोंदवून ठेवा. पालकहो, त्यांना अडवू नका. तपासणी करून घ्या आणि मगच निर्णय करा. भीतीपोटी घरी बसलेला निरोगी माणूस आणि इस्पितळात वाट पाहणारा रुग्ण, यांच्यामध्ये पुष्कळदा केवळ माहितीचाच अभाव असतो.