परळातले शेवाळ

कुंडीत गुलाब लावणारा मनुष्य आपल्याकडे रसिक गणला जातो आणि तुळस लावणारा भाविक. कुंडीत शेवाळ लावणाऱ्यास काय म्हणावे, हे मात्र अद्याप कोणी ठरविलेले नाही. अंगणातल्या फरशीवरून जे आपण खराट्याने घासून काढतो, तेच मी दिल्लीच्या सरकारी निवासस्थानात मातीच्या परळात घालून जपतो आहे. जपानातील क्योतो शहरी साइहोजी नावाचे एक मंदिर आहे. त्याच्या बागेत सुमारे 120 प्रकारचे शेवाळ वाढते आणि ते पाहण्यासाठी आधी अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. तेव्हा माझा छंद अगदीच जगावेगळा आहे असे नव्हे.

ह्या छंदास कारण घडले ते आमच्या कोकणातल्या घराचे. घराभोवती जांभ्या दगडाचा गडगा होता. रस्ता रुंद करावयाचा ठरला आणि गडगा पाडणे भाग पडले. मी स्वतः सरकारी नोकर. असल्या कागदांवर सह्या करण्यात माझी उमेदीची वर्षे गेलेली. तक्रार कोणत्या तोंडाने करणार? आदल्या दिवशी गडग्यावरचा तळहाताएवढा शेवाळाचा थर सुरीने अलगद उचलला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि दिल्लीस आणला. वडिलांच्या पश्चात एकटी राहणारी आईही त्याच गाडीने आली.

पहिल्या वर्षी मी शेवाळाची फार सेवा केली, आणि त्या सेवेनेच ते मरणाच्या दारी गेले. परळात शेणखत घातले, दोन वेळा नळाचे पाणी ओतले आणि उन्हाचा त्रास नको म्हणून ते खोलीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवले. मखमलीसारखा तो दाट थर विरळ झाला. काड्या लांबल्या, पिवळ्या पडल्या आणि आडव्या झाल्या. पुढे बुडाशी काळेपणा आला, शेंड्यांवर पांढरी पुटे चढली.

माझ्या चुका मला पुस्तके चाळल्यावर उमगल्या. पाण्यावर तरंगते तेही आपण शेवाळच म्हणतो. परंतु भिंतीवरची ही वनस्पती निराळी. इंग्रजीत ती मॉस आणि आपल्या वनस्पतिशास्त्रात हरिता. हिला खरी मुळे नसतात. जे केसासारखे तंतू असतात, ते केवळ दगडास धरून राहण्यापुरते. पाणी ती मुख्यत्वे आपल्या इवल्या पानांनीच पिते, आणि ती पाने बहुधा पेशींच्या एकाच थराची असतात. तेव्हा बुडाशी पाणी ओतून उपयोग नाही; वरून तुषार उडवावे. खताची तिला गरज नाही. नळाच्या जड पाण्यातले क्षार मात्र पानांवरच साचतात. म्हणून पावसाचे पाणी साठवावे. ते नसल्यास पाणी उकळून, निवू देऊन, वरचे निवळ तेवढे घ्यावे.

आता ती उभी कशी राहते, हे ऐका. एकटी काडी सहसा ताठ उभी राहत नाही. शेकडो काड्या खांद्याला खांदा लावून वाढतात, त्यांच्या फटींत पाणी धरून ठेवतात, आणि एकीच्या आधाराने दुसरी ताठ राहते. उजेड कमी पडला की प्रत्येक काडी उजेडाच्या शोधात लांबते, मेळावा विरळ होतो आणि सारा थर लोळतो. म्हणून परळ उत्तरेकडील खिडकीशी ठेवावे, जेथे उजेड भरपूर परंतु ऊन थेट नाही. आठवड्यातून एकदा ते पाव फेरा फिरवावे, म्हणजे थर एका अंगास कलत नाही. परळास तळाशी भोक असावे, त्यावर विटेचे बारीक तुकडे आणि वर बिनखताची माती व वाळू घालावी. शेवाळ ठेवल्यावर तळव्याने घट्ट दाबावे. खाली पोकळी राहिली तर ते सुकते. लोळलेले शेंडे कात्रीने कापून त्याच मातीवर पसरले आणि दाबले, तर त्या तुकड्यांतूनही नवी रोपे फुटतात. माझे शेवाळ मी असेच पुन्हा उभे केले.

दिल्लीच्या कोरड्या हवेवर उपाय काचेचा. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी 1829 मध्ये एका पतंगाचा कोश ओल्या मातीसह बाटलीत बंद करून ठेवला होता. त्या मातीतून नेचा आणि गवत उगवले. त्यातूनच झाडे जपण्याच्या काचपेट्या निघाल्या, आणि चहाची रोपे चीनमधून हिंदुस्थानात आली ती अशाच पेट्यांतून. मीही परळावर काचेचे झाकण ठेवतो. मात्र बुरशी येऊ नये म्हणून रोज तासभर काढतो. झाकलेल्या काचेवर ऊन पडू देऊ नये, नाहीतर आत शेवाळ शिजते.

इतके करूनही गेल्या मे महिन्यात मी घाबरलो. तीन आठवडे दौऱ्यावर होतो. परतलो तो झाकण बाजूला आणि शेवाळ तपकिरी, आक्रसलेले. आईला म्हणालो, "अगं, पाणी का नाही घातलेस?" ती म्हणाली, "अरे, आपल्या गडग्यावरचे शेवाळ वैशाखात कधी हिरवे पाहिलेस का? त्यालाही उन्हाळा असतो. थोडे निजू दे."

मी निरुत्तर झालो. गडग्यावर वाढलेल्या मला जे पुस्तकांत शोधावे लागले नसते, तेच मी विसरलो होतो. हे शेवाळ सुकते, परंतु सुकले म्हणजे मेले असे नव्हे. जूनच्या अखेरीस दिल्लीत पहिला पाऊस आला. आईने परळ स्वतः उचलून सज्जात ठेवले. काही मिनिटांत आक्रसलेली पाने उलगडली. हिरवा रंग पूर्ववत व्हायला मात्र काही आठवडे गेले.

त्यानंतर मी आईला दिवसातून चार वेळा "तुला काय हवे?" असे विचारणे सोडले आहे. तिची खुर्ची तेवढी उत्तरेच्या खिडकीशी नेली. शेजारच्या दोन वृद्ध बायका दुपारी तेथे येऊन बसतात. दर सोमवारी परळ पाव फेरा फिरवण्याचे काम आता तिच्याकडे आहे, आणि मला त्यात हात घालू देत नाही.