नऊ जणींचं एक पिस्तूल



या कार्यक्रमात आपण शेळीपालन ऐकतो, मसाल्याचा उद्योग ऐकतो, बँकेचं कर्ज कसं फेडायचं ते ऐकतो. आज आम्ही आमच्या पिस्तुलाबद्दल बोलणार आहोत. विषय ऐकून दचकू नका, भाषण शेवटपर्यंत ऐका.

आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या तीन बचत गटांतल्या नऊ जणी. सगळ्यात लहान २८ वर्षांची, सगळ्यात मोठी ५७ वर्षांची. गेल्या वर्षी आम्ही वर्गणी काढून नेमबाजीचं एक पिस्तूल घेतलं. तेव्हापासून लग्नात, वास्तुशांतीला, डेअरीच्या रांगेत एकच प्रश्न येतो, "काय गं, कुणाला उडवायचं ठरवलंय?" सुरुवातीला आम्ही हसून सोडून देत होतो. पण प्रश्न रास्त आहे. हत्यार म्हटलं की विचारणारे विचारणारच, आणि विचारायलाच पाहिजे. म्हणून आज नीट उत्तर देतो.

आधी ते काय आहे ते सांगतो. हे हवेचं पिस्तूल आहे. यात दारू नाही, काडतूस नाही. दाबून भरलेल्या हवेच्या जोरावर साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो आणि दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडतो. आपल्या देशात शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि त्याचे आत्ताचे नियम २०१६ चे. त्या नियमांप्रमाणे इतक्याच नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत जोर असलेल्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलाचा जोर त्याहून बराच कमी असतो. पण परवाना लागत नाही म्हणून ते खेळणं होत नाही. छर्रा डोळ्याला लागला तर डोळा जातो. हे आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं गेलं आणि तेच सगळ्यात आधी तुम्हाला सांगतो.

आता हे डोक्यात आलं कुठून? आपल्या जिल्ह्याला कुस्तीचा नाद जुना, पण नेमबाजीचाही काही कमी नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवलं. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सोनं आणलं. आणि १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं, तेव्हा गावोगावी फटाके वाजले. पोरं रेंजवर नाव घालायला लागली. आमच्यातल्या चौघींच्या मुली तालुक्याच्या गावी दहा मीटरच्या रेंजवर जायला लागल्या. मुलींना एकटं कसं पाठवायचं म्हणून आम्ही सोबत जायचो आणि बाहेरच्या बाकड्यावर दोन तास बसायचो. लसूण सोलायचो, वातींचा कापूस पिंजायचो. प्रशिक्षकच एक दिवस म्हणाले, "काकू, बसून काय करताय, या की आत."

उत्तर प्रदेशात बागपत जिल्ह्यातल्या जोहरी गावी असंच घडलं होतं. चंद्रो तोमर १९९९ मध्ये नातीला सोबत म्हणून रेंजवर गेल्या आणि स्वतः नेम धरून आल्या. तेव्हा त्यांची साठी उलटली होती. मागून त्यांच्या जाऊबाई प्रकाशी तोमरही शिकल्या. घरचे काय म्हणतील म्हणून चंद्रो आजी घरात पाण्याने भरलेला जग हातात धरून हात स्थिर करायच्या. २०२१ मध्ये त्या गेल्या. त्यांची गोष्ट आम्हाला प्रशिक्षकांनी सांगितली आणि आमच्यातल्या ५७ वर्षांच्या मावशी म्हणाल्या, "मग मी तर पोरगीच आहे."

पहिला महिनाभर आमच्या हातात छर्रा आला नाही. नियम पाठ केले. पिस्तूल रिकामं असलं तरी भरलेलं समजायचं. नळीचं तोंड कायम निशाणीकडे. नेम धरेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही. "थांबा" म्हटलं की थांबायचं, अर्धवट नेम असला तरी. पिस्तूल खाली ठेवलं की नळीत रंगीत दोरी घालून ठेवायची, म्हणजे लांबूनही दिसतं की आत छर्रा नाही. घरी एक लिटरची पाण्याची बाटली हात लांब करून धरायची. पहिल्या दिवशी मिनिटभरात खांदा भरून आला. ऊस तोडणारे, धारा काढणारे हात आमचे, तरी!

हवेचं पिस्तूल एका हाताने चालवतात. दुसरा हात खिशात ठेवायचा. साडीला खिसा नसतो, म्हणून आम्ही पदर खोचून अंगठा कमरेत अडकवतो. पिस्तुलाच्या मागच्या टोकाला खाच असते आणि पुढच्या टोकाला लहान खुंट. खाचेच्या बरोबर मधे खुंट आणायचा, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवायची आणि नजर त्या खुंटावर ठेवायची. निशाणी पुसट दिसते. नव्या माणसाला वाटतं निशाणीकडे बघावं, आणि तिथंच नेम चुकतो. आम्हाला हे लवकर समजलं, कारण सुईत दोरा ओवताना आपण सुईच्या नेढ्याकडे बघतो, मागच्या भिंतीकडे बघत नाही.

मग श्वास थोडा सोडून धरायचा आणि चाप हळूहळू दाबत जायचा. झटका दिला की छर्रा भलतीकडे. सहा-आठ सेकंदांत बार सुटला नाही तर हात खाली घ्यायचा, दम घ्यायचा, पुन्हा उचलायचा. निशाणीवरचं दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढं. दहा मीटरवरून त्या गुंडीत छर्रा गेला की काय वाटतं, ते रेडिओवर सांगता येणार नाही.

एक काळजी खास बायकांसाठी सांगतो. छर्रे शिशाचे असतात आणि शिसं पोटात जाणं वाईट, गरोदरपणात आणि लहान मुलांना तर फारच. छर्रा दातात धरायचा नाही, रेंजवर काही खायचं नाही, निघताना साबणाने हात धुवायचे. आमच्यातल्या एकीला दिवस गेले तेव्हा तिने यायचं थांबवलं. बाळ अंगावरचं दूध सुटेपर्यंत ती आली नाही. आता पुन्हा यायला लागली आहे.

आठ महिने आम्ही रेंजच्या पिस्तुलावर शिकलो. पण तिथं मुलांची गर्दी, आमची पाळी यायची आणि घरी जायची वेळ व्हायची. म्हणून स्वतःचं घ्यायचं ठरलं. परदेशी बनावटीचं स्पर्धेचं पिस्तूल लाखाच्या पुढं जातं, ते आपल्या आवाक्यातलं नाही. रेंजवरच्याच एका मुलाने नवीन घेतलं आणि जुनं विकायला काढलं, ४५ हजारांना. प्रशिक्षकांनी तपासून दिलं. आम्ही मूळ पावती मागून घेतली, विक्रीचं लिहून घेतलं, आधारची झेरॉक्स जोडली. पैसे गटाचे वापरायचे नाहीत हा पहिला ठराव. गटाचा पैसा कर्जासाठी आहे, त्यावर कुणाची म्हैस, कुणाची फी अवलंबून असते. म्हणून प्रत्येकीने महिन्याला ५०० असे दहा महिने वेगळे टाकले.

ठरावाच्या त्याच बैठकीत एकीने विचारलं, "एवढे पैसे घालायचे तर खरंच रिव्हॉल्व्हर का नको? परवाना काढू. रात्री उसाच्या फडातनं यावं लागतं, स्वसंरक्षण होईल."

आम्ही माहिती काढली होती. परवाना जिल्हाधिकारी देतात, आयुक्तालय असेल तिथं पोलीस आयुक्त. वय २१ पूर्ण लागतं, कारण दाखवावं लागतं, पोलीस चौकशी होते, शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला. लग्नात-वरातीत निष्काळजीपणे हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे सगळं वाचून दाखवलं. पण निर्णय कायद्याच्या कलमावर झाला नाही.

एक ताई म्हणाल्या, "माझ्या अंगावर हात उचलला गेला तो वाटेवर नाही, चुलीपुढं." दुसरी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ज्या वर्षी आमचा ऊस वाळला, त्या वर्षी आमच्या घरात औषधाची बाटली उचलली गेली. शेजारी धावले, दवाखान्यात नेलं, म्हणून माणूस हाताला लागला. बाटलीच्या जागी बंदूक असती तर धावायला वेळच मिळाला नसता." त्यानंतर कुणी काही बोललं नाही. इतिवृत्तात एवढंच लिहिलं की परवान्याचं शस्त्र घ्यायचं नाही.

फडातल्या वाटेचा प्रश्न मात्र सोडला नाही. ग्रामसभेत अर्ज देऊन दोन खांबांवर दिवे लावून घेतले, आणि अंधार पडल्यावर आम्ही दोघी-तिघी मिळूनच निघतो. अडचणीला ११२ आणि महिला हेल्पलाइन १८१ हे नंबर सगळ्यांना पाठ आहेत. घरात कुणाच्या मनाला फार जड झालं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबरही लिहून ठेवा.

आता नियम सांगतो. आमचं पिस्तूल कुणाच्याही घरी राहत नाही. ग्रामसंघाच्या कार्यालयातल्या लोखंडी कपाटात, कुलपाच्या पेटीत असतं. कपाटाची किल्ली एकीकडे, पेटीची दुसरीकडे, छर्ऱ्यांचा डबा तिसरीकडे. तिघी एकत्र आल्याशिवाय बार निघत नाही. एसटीने नेताना पेटी बंद, आत पावतीची प्रत. वाटेत पेटी उघडायची नाही, कारण लांबून बघणाऱ्याला ते खरंच पिस्तूल वाटणार. हातात घेऊन फोटो नाही, रील नाही. उसनं द्यायचं नाही.

उसनं मागायला लोक आलेच. एकीचे दीर आले, "रानडुकरं उसात शिरतात, दोन दिवस द्या." कुणाचा भाचा आला, त्याला वाढदिवसाला हातात धरून फोटो काढायचा होता. एकटीला नाही म्हणणं अवघड असतं, पाहुण्यांत तोंड वाईट होतं. पण किल्ल्या तिघींकडे असल्यामुळं प्रत्येकीला सांगता येतं, "माझ्या हातात काही नाही भाऊजी, ठराव आहे." दीर महिनाभर रुसले होते. आता त्यांचीच मुलगी आमच्याबरोबर रेंजवर येते. खंडेनवमीला मात्र पिस्तूल पूजेत ठेवतो, खुरपं, विळा आणि शिलाई मशीनच्या शेजारी. नळीत दोरी घालून.

विचाराल की एवढं करून मिळालं काय? बक्षीस अजून नाही. आमच्यातल्या दोघी जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरल्या, साठ बार मारून आल्या. पूर्वी मोठ्या स्पर्धांत पुरुषांना ६० बार आणि बायकांना ४० असत. २०१८ पासून दोघांनाही सारखेच ६० झाले. ७५ मिनिटं एका जागी उभं राहून साठ वेळा हात उचलायचा. आमच्या मावशींनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "चाळीस कुणी ठरवले होते? रोजच्या भाकऱ्या कुणी मोजल्या नव्हत्या वाटतं."

आम्हाला आठवड्यातून एक दुपार मिळाली. गट काढला तो कर्जासाठी, सभा होते ती हप्त्यासाठी, बाहेर पडतो ते बाजारासाठी. ही दुपार कशासाठीच नाही. त्या वेळात सासूबाईंची गोळी, पोरांची फी, म्हशीचा चारा, काही आठवून चालत नाही. आठवलं की हात हलतो. आणि नेम जुळला नाही तर हात खाली घेता येतो, ही गोष्ट घरीही उपयोगी पडायला लागली आहे. तोंडावर आलेला शब्द कधीकधी आम्ही खाली ठेवतो. नेहमी जमतं असं नाही.

तुमच्यातल्या कुणाला शिकावंसं वाटलं तर घाईने विकत काही घेऊ नका. आधी जवळच्या रेंजवर जा, सहा महिने तिथल्या पिस्तुलावर शिका. खांदा, डोळा आणि घरचं वेळापत्रक झेपतं का बघा. घ्यायचं ठरलंच तर मिळून घ्या, पक्की पावती घ्या, काही शंका असेल तर पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. आणि पिस्तूल घेण्याआधी ते कुठं ठेवायचं आणि किल्ली कुणाकडे, हे कागदावर लिहा. घरात पिणारं कुणी असेल, कुणी खचलेलं असेल, तर तिथं ते नेऊच नका.

आमच्या रेंजवर बाहेरचं बाकडं अजून आहे. मुलींना घेऊन आलेल्या आया तिथं बसलेल्या असतात. आम्ही त्यांना आत बोलावतो. तुम्ही आलात तर तुम्हालाही बोलावू.