‘निम्बल’ बोटं आणि त्यांची मजुरी



आज चारच शब्द घेऊ: अ‍ॅजाइल, डेक्स्टरस, डेफ्ट आणि निम्बल. शब्दकोशात चौघांपुढे ‘चपळ’ नाहीतर ‘कुशल’ लिहिलेलं असतं आणि आपण कुठलाही उचलून कुठेही वापरतो.

अ‍ॅजाइल म्हणजे सगळ्या शरीराची, किंवा बुद्धीची, चपळाई. 2001 साली अमेरिकेतल्या युटामध्ये 17 सॉफ्टवेअर जाणकारांनी एक जाहीरनामा काढला, त्यालाही हेच नाव दिलं. म्हणून नोकरीच्या जाहिरातीत हा शब्द दिसला तर तो बहुधा काम करण्याच्या पद्धतीबद्दल असतो.

डेक्स्टरस आला लॅटिनमधल्या उजव्या हातावरून. आपणही सरस ठरलेल्याला ‘उजवा’ म्हणतोच. (डावखुऱ्यांनी दोन्ही भाषांवर रागवायला हरकत नाही.) डेफ्ट म्हणजे हलका, नेमका हात. भिवंडीच्या यंत्रमागावर तुटलेला धागा बघता बघता सांधणारा कारागीर, तो डेफ्ट.

आता निम्बल. हलकी, झटपट हालचाल, एवढाच याचा अर्थ. पण ‘निम्बल फिंगर्स’ या दोन शब्दांनी बरंच नुकसान केलंय. गालिच्याची बारीक गाठ मुलांच्या बोटांनाच जमते, असं सांगून बालमजुरीचं समर्थन व्हायचं. 1990च्या दशकात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अभ्यासकांनी भारतातल्या गालिचा उद्योगात हा दावा तपासला, तो टिकला नाही. बारीक गाठींचं काम मोठी माणसंही करत होती.

बायकांच्या बाबतीतही तेच. 1981 साली डायन एल्सन आणि रूथ पिअर्सन यांनी कारखान्यांतल्या तरुण मुलींवर लिहिलं. या मुलींची बोटं जन्मतःच चपळ नव्हती. लहानपणापासून घरात आई-मावशीकडून शिवणकाम शिकून ती तयार झाली होती. पण घरातलं शिकणं कुणी शिक्षण मानत नाही. मग हुनर ‘उपजत’ ठरतो, काम ‘अकुशल’ ठरतं आणि मजुरीही त्याच हिशोबाने मिळते.

आपल्या कितीतरी घरांत शिलाई, जरीकाम चालतं. अम्मीचा किंवा खालाचा एखादा फॉर्म इंग्रजीत भरायची वेळ आली, तर नुसतं ‘निम्बल’ लिहून थांबू नका. ‘स्किल्ड’ लिहा. त्यापुढे कोणतं काम, कोणतं मशीन, किती वर्षं, आणि कुणाकडून शिकल्या, हेही लिहा.