टक्का आणि हात



मोटार अपघात दाव्यांचे काम करणाऱ्या वकिलांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल मी ऋणी आहे. या खुर्चीवरून नव्या तरतुदींचा आढावा घेण्याची पद्धत आहे. तो मी घेईन, पण थोडक्यात. आज मला माझ्या एका अशिलाबद्दल बोलायचे आहे. तिचा दावा मी तडजोडीने मिटवला होता, आणि तो तसा मिटवायला नको होता.

2014 सालची गोष्ट. पेठ तालुक्यातली 34 वर्षांची बाई, नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून दिंडोरीकडे द्राक्षाच्या छाटणीला निघाली होती. मागून आलेल्या टेम्पोने दोघांना उडवले. नवऱ्याचे खरचटण्यावर निभावले. तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि मनगट चिरडले. सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले, पण अंगठा आत वळेना. दाखल्यावर कायमचे अपंगत्व लिहून आले : 18 टक्के.

मी हिशेब मांडला. महिन्याची मजुरी 6,000 रुपये, म्हणजे वर्षाला 72,000. सरला वर्मा खटल्याच्या 2009 च्या निकालाप्रमाणे 31 ते 35 वयासाठी गुणक 16. गुणाकार 11,52,000. त्याचे 18 टक्के 2,07,360. उपचार सरकारी असल्याने खर्चाची बिले फारशी नव्हती. लोकअदालतीत विमा कंपनीच्या अधिकाऱ्यांनी सव्वादोन लाख देऊ केले. आकड्यापेक्षा जास्तच मिळते आहे, तारखा वाचताहेत, पैसे लवकर हातात पडतील, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, “तुम्ही म्हणाल तसं, साहेब.” तडजोडीची पुरसीस झाली, निवाडा झाला. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, हे आपण सगळे जाणतो.

पुढच्या ऑक्टोबरात एका अशिलाच्या बागेत मी गेलो होतो. गोड छाटणी चालू होती. ती बाई बांधावर टोळीचा स्वयंपाक करत बसली होती. मी विचारले, काम कसे चालले आहे? तिने उजवा हात पुढे केला आणि चिमूट करून दाखवायचा प्रयत्न केला. तर्जनी वाकली, अंगठा जागचा हलला नाही. छाटणीत प्रत्येक काडीचे डोळे मोजायचे, नेमक्या डोळ्यावर कात्री लावायची, आणि असे दिवसभर हजारो वेळा करायचे. पुढे विरळणीला घडातले बारीक मणी चिमटीनेच काढावे लागतात. टोळीचे काम एकरी उक्ते असते, एक हात मंद पडला की सगळ्यांचा रोज घसरतो. म्हणून टोळीने तिला कात्रीवरून काढले आणि चुलीपाशी बसवले. मजुरी निम्मी.

त्या रात्री मी तिची फाईल काढली. मिळकतीचा पुरावा म्हणून जोडलेल्या बचत गटाच्या वहीच्या झेरॉक्सवर तिची सही होती, चौथी शिकलेल्या बाईची वळणदार सही. आणि आमच्या पुरसिशीवर ‘निशाणी डावा अंगठा’. सही करणारी बाई अंगठा उठवते आहे, हे माझ्या समोर घडले होते आणि मला दिसले नव्हते. दाखल्यावरच्या 18 टक्क्यांनी माझे डोळे झाकले होते.

कायदा मात्र तेव्हाही तिच्या बाजूने होता. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितले होते, की शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या ताकदीचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गमावलेला सुतार किंवा ड्रायव्हर आणि तोच हात गमावलेला सरकारी कारकून यांच्या दाखल्यावरचा टक्का एकच असेल, पण सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, कारकुनाची नोकरी टिकू शकते. न्यायाधिकरणाने आधी पाहायचे, की जखमी माणूस अपघातापूर्वी कोणते काम करत होता, त्यातले आता काय करू शकतो आणि पोट भरण्यासाठी दुसरे काय करू शकेल. माझ्या अशिलाचे नुकसान 60 टक्के धरले असते, तर त्याच गणिताने 6,91,200 रुपये झाले असते. वेदनेचे, पुढच्या औषधपाण्याचे आणि जगण्यातल्या गमावलेल्या सुखाचे पैसे त्यावर. प्रणय सेठी निकालानंतर, म्हणजे 2017 पासून, चाळिशीच्या आतल्या स्वतंत्र कमावत्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीचे 40 टक्के धरतात, आणि जखमींच्या दाव्यातही ती वाढ मिळते हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे आज त्याच चुकीची किंमत आणखी मोठी पडेल.

आता नव्या तरतुदी. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीतला भरपाईचा भाग 1 एप्रिल 2022 पासून लागू झाला. चूक कोणाची हे न पाहता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. वाहन न सापडल्यास अनुक्रमे दोन लाख आणि पन्नास हजार. पोलिसांनी 48 तासांत अपघाताचा पहिला अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा, सविस्तर अहवाल 90 दिवसांत. दावा सहा महिन्यांत दाखल करायचा. या मुदतीच्या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर एकही अर्ज टेबलावर ठेवू नका.

माझे खरे म्हणणे कलम 149 बद्दल आहे. विमा कंपनीने नेमलेल्या अधिकाऱ्याने ठरलेल्या तीस दिवसांत तडजोडीचा देकार न्यायाधिकरणापुढे ठेवायचा, अशी त्यात व्यवस्था आहे. मृत्यूच्या दाव्यात ही व्यवस्था मला मनापासून चांगली वाटते. विधवेने वर्षानुवर्षे तारखा का मोजाव्यात? पण जखमी माणसाच्या शरीराला स्वतःचे वेळापत्रक असते. प्लॅस्टर निघते, फिजिओथेरपी होते, कधी रॉड काढायला पुन्हा टेबलावर जावे लागते, आणि मगच कळते की गुडघा किती वाकणार, मूठ किती वळणार. अर्ज लवकर करा, सही सावकाश करा. उपचार स्थिरावल्याशिवाय अंतिम भरपाईच्या कागदावर अशिलाला सही करू देऊ नका. घर चालवायला पैसा हवा असेल, तर अंतरिम रकमेसाठी भांडा.

कंपनीच्या अधिकाऱ्यांना मी शत्रू मानत नाही. त्यांच्यापुढे बनावट दावेही येतात, विमा नसलेल्या गाडीच्या जागी विमा असलेली गाडी उभी केली जाते. असा प्रत्येक दावा पुढच्या खऱ्या जखमीकडे संशयाने पाहायला लावतो, आणि अशी कामे आपल्यातल्या कोणाच्या तरी वकीलपत्रावर चालतात. याची मला शरम वाटते. निकालाच्या रकमेत वाटा ठरवून फी घेणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, तरी ती घेतली जाते. ज्याचा वाटा रकमेत अडकला आहे, त्याला हातात येईल ते आजच घ्यावेसे वाटते. अशिलाला थांबण्याचा सल्ला तो कसा देणार?

घर सांभाळणाऱ्या बायकांच्या दाव्यात ‘अर्जदार काही काम करत नाही’ असे उलटतपासात वदवून घेतले जाते. 2021 च्या कीर्ती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या श्रमाचे मोल मान्य केले आहे. तो निकाल सोबत ठेवा. आणि त्याहून आधी अर्जातच लिहा, की ती बाई किती हंडे पाणी आणायची, किती माणसांच्या भाकरी थापायची, म्हाताऱ्या सासूला कोण उठवायचे.

तरुण वकिलांना हाताशी ठेवण्याजोगे काही सांगतो. घटनास्थळाचा पंचनामा स्वतः वाचा, गाडीची दिशा आणि ब्रेकच्या खुणा नकाशाशी ताडून पाहा. डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रेच्या फिल्म कोरड्या जागी ठेवायला सांगा. पावसाळ्यात गळक्या घरात त्या एकमेकींना चिकटून वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत. दाखला देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला आणा आणि टक्का विचारून थांबू नका. अशिलाच्या हातात कात्री द्या आणि डॉक्टरांना विचारा, हा हात ही कात्री दिवसभर चालवेल का?

दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे, त्याचा मसुदा आपल्या फायलींत आहे. त्यात दोनच गोष्टी आहेत. दर जखमीच्या अर्जासोबत कामाचा जबाब जोडायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो माणूस काय करायचा आणि आता त्यातले काय होत नाही, हे त्याच्याच शब्दांत लिहायचे. आणि तडजोडीची पुरसीस सही होण्यापूर्वी अर्जदाराला त्याच्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवायची, रकमेसकट आणि अपील नाही या वाक्यासकट. पेठ-सुरगाण्यात ती कोकणी बोलीत वाचावी लागेल, नंदुरबारात भिलीत. वाचून कोणी दाखवली, त्याचे नाव खाली यावे.

मसुद्यात जबाबाचा नमुना जोडला आहे. त्यातला पहिला प्रश्न मी त्या बाईच्या फाईलच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिला होता : अपघाताच्या आदल्या दिवशी तुमचा उजवा हात काय काय करत होता? आपल्या दुरुस्त्या दुपारी दोनपर्यंत माझ्याकडे द्याव्यात, ही विनंती.